अंगणातलं वळण

१

जोतीराम फौजेतून नाईक म्हणून परत आला, पण सणसरमध्ये त्याला सगळे मेजर म्हणत. आपल्याकडं पलटणीत जाऊन आलेला कुठलाही माणूस मेजरच होतो. मधली पदं सरकारनं उगाच ठेवली आहेत. जोतीरामनं सुरुवातीला एकदोघांना दुरुस्त करून पाहिलं आणि मग नाद सोडून दिला. नंतर काही वर्षं बारामतीला एका कंपनीच्या गेटवर नोकरी केली. आता घरचा ऊस, दोन म्हशी आणि चार वर्षांची नात छकुली, एवढाच त्याचा संसार उरला होता. त्यात सगळ्यात जास्त काम नातीचं होतं.

दिवाळीच्या आधी त्याच्या मुलानं, दिग्विजयनं, वस्तीवर नवं घर बांधलं. पुढं मोठं अंगण सोडलं. त्यात मुरूम टाकला, पाणी मारलं, वरून रोलर फिरवला. अंगण असं सपाट झालं की जोतीरामची बायको जयवंता म्हणाली, "ह्याच्यावर भाकरी थापली तरी चालंल." दारासमोर, अंगणाच्या पलीकडच्या टोकाला गोठा होता. मध्ये काही नव्हतं. झाड नाही, दगड नाही, तुळशीचं वृंदावनसुद्धा अजून बांधायचं राहिलं होतं.

सकाळी भवानीनगरच्या कारखान्याचा भोंगा झाला की जोतीराम उठायचा, चहा घ्यायचा, धार काढायचा आणि भरलेली चरवी घेऊन घराकडं यायचा. त्या सकाळीही तसाच आला. चालताना जमिनीकडं बघायची त्याची सवय फौजेतली होती, ती काही गेली नव्हती. अंगणाच्या मध्यावर आल्यावर तो थांबला.

माणसांच्या येण्याजाण्यानं मुरमावर पायवाट उमटली होती. दारापासून गोठ्यापर्यंत. त्यात नवल नाही. माणसं जिथून चालतात तिथं वाट पडतेच. पण ही वाट दारातून सरळ निघायची, अंगणाच्या मध्यापर्यंत सरळ यायची, तिथं एकदम डावीकडं फुगायची आणि पुन्हा जागेवर येऊन सरळ गोठ्याकडं जायची. मध्ये कुणीतरी मांडी घालून बसलंय आणि सगळे त्याला वळसा घालून चाललेत, अशी.

वळणाच्या पोटात मुरूम अजून नवा होता. रोलरचे पट्टे तसेच दिसत होते. तिथं एकाही पावलाचा ठसा नव्हता.

जोतीराम बराच वेळ बघत राहिला. घरातून जयवंतानं हाक मारली, "अवो, दूध घिऊन काय पुतळा झालाय का?"

तो चालायला लागला. दारात पोचल्यावर त्यानं वळून पाहिलं. त्याचे स्वतःचे ओले ठसेसुद्धा वळसा घालूनच आले होते.

२

माणूस आधी शहाण्यासारखा विचार करतो. जोतीरामनंही केला. उतार असेल. त्यानं पाणी ओतून पाहिलं; पाणी जागच्या जागी जिरलं. मुंग्यांचं वारूळ असेल. नव्हतं. रोलर फिरवल्यावर दोन दिवस तिथं बाज ठेवली असेल, सगळ्यांना वळसा घ्यायची सवय लागली असेल. त्यानं सुनेला विचारलं.

"बाज कुठली, आबा?" वृषाली म्हणाली. "बाज तर ओसरीवरच हाय."

"मग तुमी समदी वळसा घालून का जाताय?"

"कोन वळसा घालतंय?"

"हे बघ की. वाट बघ."

वृषालीनं बघितलं. तिच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. "सरळच तर हाय," ती म्हणाली, आणि पाण्याची बादली घेऊन निघाली. मध्यावर आल्यावर तिची पावलं डावीकडं गेली, गोल फिरली, परत सरळ झाली. तिचं तोंड मात्र पूर्ण वेळ गोठ्याकडंच होतं. तिला खरंच कळलं नव्हतं.

त्या दिवशी जोतीराम ओसरीवर बसून राहिला. कोंबड्या दाणे टिपत अंगणभर फिरल्या, त्या जागी मात्र एकही गेली नाही. कुत्रं उन्हात आडवं व्हायला जागा शोधत आलं आणि वळसा घालून पलीकडं झोपलं. दिग्विजय संध्याकाळी मोटरसायकलवर आला, गाडीच्या चाकानंही तोच वळसा काढला. आणि छकुली! आई मागं लागली की अंगणभर पळायची ती पोर. वाऱ्यासारखी पळत यायची आणि बरोबर तिथं तिची पावलं तिरकी पडायची.

सगळे आत गेल्यावर जोतीराम दारात उभा राहिला. गोठ्याच्या खांबावर नजर रोखली. सरळ जायचं, म्हणाला, बघू कोण अडवतंय. चालला. खांबाला हात लावला. छाती फुगवून मागं पाहिलं. ठसे वळले होते.

मग त्यानं ऊस लावताना सरी सरळ यावी म्हणून बांधतात ती दोरी आणली. एक टोक दाराच्या कडीला, दुसरं खांबाला. दोरी ताणून बांधली आणि ती मुठीत धरून, डोळे मिटून चालला. यावेळी चुकायचा प्रश्नच नव्हता. खांबाजवळ त्यानं डोळे उघडले. मूठ घट्ट आवळलेली होती, आणि मुठीत काही नव्हतं. दोरी उजवीकडं चार हातांवर हवेत हलत होती. ती कधी सोडली हे त्याला आठवेना.

त्याला लाज वाटली. आपल्याच अंगणात आपण भ्यालो, हे कुणाला सांगणार? पण त्याच्या मनात एक गोष्ट बसली होती आणि ती हलत नव्हती. माणूस, जनावर, पाखरू ज्या जागेवर पाय ठेवत नाही, अशी जागा त्यानं आयुष्यात आधी एकदा पाहिली होती.

३

संसदेवर हल्ला झाला त्या हिवाळ्यात सगळी फौज सरहद्दीवर नेऊन उभी केली होती. जोतीराम इंजिनिअर पलटणीत होता. त्यांचं काम सुरुंग पेरायचं. आणि पेरायचे कुठं, तर शेतात. गव्हाची रानं, मोहरीची रानं, पाटाच्या कडेची काळी माती. जोतीराम शेतकऱ्याचा पोरगा. गुडघ्यावर बसून दुसऱ्याच्या उभ्या गव्हात तो सुरुंग लावत सरकायचा. त्याच्या शेजारच्या ओळीत शेळगावचा लखन असायचा. दोघं एकाच तालुक्यातले, म्हणून भावासारखे. "आपल्या रानात कुनी आसं केलं आसतं तर म्या खुरप्यानं हानला आसता," असं लखन म्हणायचा, आणि पुढचा खड्डा घ्यायचा.

लढाई झालीच नाही. फौज कित्येक महिने समोरासमोर बसून राहिली आणि मग परत फिरायचा हुकूम आला. पेरलेलं सगळं काढायचं काम पुन्हा त्यांच्याच नशिबी. न झालेल्या त्या लढाईत जी माणसं गेली, ती बरीचशी अशा कामात गेली. गुडघ्यावर बसायचं, लोखंडी टोचणी तिरकी धरून माती टोचत जायचं. टोचणीला काही लागलं की बोटांनी माती बाजूला करायची. त्यांचा उस्ताद शिकवताना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचा, आणि ती सांगताना हसायचा नाही: "हाथ लगा, तो हाथ वहीं रहेगा." हाताला लागलं, हाताचा भार त्यावर गेला, की हात उचलायचा नाही. उचलला की संपलं.

एका रानात शेवटचा सुरुंग सापडेना. जिथं लावला होता तिथं तो नव्हता. त्या रानाच्या मध्यावर एक जागा मात्र अशी होती की तिथं ना माणसाचं पाऊल पडायचं, ना जनावराचं, ना पाखरू उतरायचं. सगळं रान पुन्हा टोचलं, यंत्रं फिरवली. पावसानं वाहून गेला असेल, डुकरानं उकरून कधीच उडाला असेल, असं ठरलं. मग शेवटचा रिवाज. रान मालकाच्या ताब्यात देण्याआधी, ज्यांनी सुरुंग काढले त्यांनीच हातात हात धरून, एक रांग करून, ते या बांधापासून त्या बांधापर्यंत तुडवायचं. मालकाच्या डोळ्यांसमोर. म्हणजे त्याची खात्री पटते. जोतीरामच्या हातात लखनचा हात होता. मध्यावर लखन अडखळला, सावरला, हसला. काही झालं नाही.

बांधावर उभ्या असलेल्या पगडीवाल्या म्हाताऱ्यानं हात जोडले आणि प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. लखनच्या वेळी गूळ खाली पडला. म्हाताऱ्याचा हात त्याच्या हातापर्यंत पोचलाच नव्हता.

पुढं लखन रजेवर घरी गेला आणि घरातच गेला. गॅसची टाकी फुटली, असं सगळे म्हणाले. जोतीराम भेटायला शेळगावला गेला तेव्हा टाकी चुलीशेजारी जशीच्या तशी उभी होती. लखनची आई, धोंडाबाई, भिंतीला टेकून बसली होती. तिचा उजवा हात मनगटापासून नव्हता.

"त्यो आला तवापास्नं त्याच्याजवळ कुनीच गेलं न्हाय रं जोतीबा," ती म्हणाली. "भाऊ न्हाय, भावकी न्हाय, मी आय आसून मी सुदा न्हाय. का ते ठावं न्हाय. पायच दुसरीकडं वळायचं. मग जायाच्या दिशी मी खाली बसून त्याला धरलं. लई येळ धरलं. म्हनला, आये, सोड की आता, गाडी जाईल. मी सोडलं."

लेक गेलेल्या आईचं बोलणं. जोतीरामनं मान हलवली, पाणी प्यायला, आणि एसटी पकडली.

४

दुसऱ्या दिवशी त्यानं तारेची जाड सळई घेतली आणि दगडावर घासून तिला टोक काढलं. जयवंताच्या जुन्या लाल लुगड्याच्या चिंध्या केल्या. सुतळीला त्या बांधल्या आणि अंगणाच्या मध्यभागी, वळणाच्या बाहेरून, चार काठ्या रोवून सुतळी फिरवली.

"हे काय आरंभलंय?" दिग्विजयनं विचारलं. "रस्त्यानं जानारी येनारी बघत्यात, आबा."

"बघू दे. छकुलीला घरात घे. दार लाव. मी हाक मारस्तवर कुनी भायेर यायचं न्हाय."

"आबा, लढाई संपली. तुमच्या डोक्यातनं कवा जायाची?"

"लढाई झालीच न्हवती," जोतीराम म्हणाला. दिग्विजयनं पोरीला उचललं आणि आत नेलं.

जोतीराम सुतळीपाशी उभा राहिला आणि पाऊल टाकलं. पाऊल डावीकडं पडलं. पुन्हा टाकलं, पुन्हा डावीकडं. मग त्याला सुचलं. तो गुडघ्यावर बसला. सळई तिरकी धरली, डावा पंजा जमिनीवर टेकवला आणि इतक्या वर्षांनी त्याच जुन्या चालीनं पुढं सरकला.

गुडघे वळले नाहीत. गुडघे सरळ गेले.

ऊन चढत होतं. कारखान्याकडं निघालेल्या उसाच्या ट्रॅक्टरचा आवाज रस्त्यावरून येत होता, कुणीतरी स्पीकर मोठा लावून चाललं होतं. जोतीरामच्या कानात फक्त सळई मुरमात शिरल्याचा आवाज होता. खर्र. खर्र. खर्र.

टक.

तो जागच्या जागी गोठला. सळई बाजूला ठेवली. बोटांनी मुरूम सारायला लागला, जसा झोपलेल्या लेकराच्या अंगावरचा पदर सारावा तसा. बोटांना कड लागली. गोल, गुळगुळीत, गार. डिसेंबरातल्या उन्हात तापलेल्या मुरमाखाली ती कड विहिरीच्या तळासारखी गार होती.

त्यानं श्वास धरून आणखी एक चिमूट माती काढली. कड नव्हती. मुरूम होता, त्याखाली काळी माती, त्याखाली उसाचं जुनं खोड. त्यानं हातभर खोल उकरलं, आजूबाजूला उकरलं. काही नाही. नुसता खड्डा.

तो खड्ड्याशेजारी बसला आणि लहान पोरासारखा रडला. भीतीनं नाही, बरं वाटलं म्हणून.

५

खड्डा बुजवून त्यानं पाणी मारलं, धुम्मसानं जागा चोपली. मग सगळ्यांना बाहेर बोलावलं. "हात धरा एकमेकांचं. आपुन समदी ह्या टोकापास्नं त्या टोकापतोर चालायचं."

"आता ही कुठली कवायत?" जयवंता म्हणाली, पण नवरा दोन दिवसांनी हसताना दिसला होता, म्हणून तिनं हात पुढं केला. एका टोकाला जोतीराम, मग जयवंता, मग छकुली, वृषाली आणि दिग्विजय. चालले. जोतीराम खाली बघत होता. पावलं सरळ पडत होती. बायकोची, सुनेची, सगळ्यांची. मध्यावर आल्यावर छकुलीनं आजीचा आणि आईचा हात सोडला आणि नव्या चोपलेल्या जागेवर दोन्ही पायांनी थाडकन उडी मारली.

"आबा, हितं मऊ हाय!" ती ओरडली आणि पुन्हा उडी मारली. ती अडखळली, सावरली, हसली.

जोतीराम टाळ्या वाजवत होता. त्यालाच सगळ्यात जास्त आनंद झाला होता.

दोन-तीन दिवसांत वाट सरळ झाली. कोंबड्या तिथं दाणे टिपू लागल्या. कुत्रं नेमकं त्याच जागी उन्हाला झोपायला लागलं, इतकं की जोतीराम त्याला कौतुकानं शिव्या द्यायचा. रात्री त्याला गाढ झोप लागायची. जयवंतानं खुशीत पुरणपोळी केली. घर कसं हलकं हलकं झालं.

छकुलीचे केस जरा विस्कटलेले दिसायचे. वृषालीला विचारलं तर म्हणायची, "आत्ताच येनी घातली की, आबा." अंगणवाडीला जाताना छकुली आता पुढं पुढं चालायची, तिचा हात धरायचा राहून जायचा. मोठी झाली पोर, जोतीरामला वाटायचं.

६

संक्रांत झाल्यावर घरात छकुलीचं बोरन्हाण काढलं. पाचव्या वर्षापर्यंत लेकराला बोरांनी, चुरमुऱ्यांनी, गोळ्यांनी न्हाऊ घालायचं, आणि जमलेल्या पोरांनी ती लुटायची. आसपासच्या वस्तीवरच्या बाया आल्या, पोरं आली. उन्हं कलायला लागल्यावर अंगणाच्या मध्यभागी पाट मांडला. छकुलीला काळा फ्रॉक, गळ्यात हलव्याचा हार, डोक्यावर हलव्याचा मुकुट. हार जरा वाकडा बसला होता, कारण तो तिचा तिनंच घातला होता. जोतीराम ओसरीवर बाजेवर बसून कौतुकानं बघत होता.

वृषालीनं ओवाळलं. जयवंतानं ओवाळलं. सगळ्या बायांनी एकेक करून हळदकुंकू लावलं. मग बोरांचा पितळी गडवा उचलला, आणि पोरांनी कल्ला केला.

जोतीराम मनाशी म्हणाला, अरे, ह्या बाया टाकतात कशा? बोरन्हाण म्हणजे लेकराच्या डोक्यावरून ओतायचं. ह्या तर लांब उभ्या राहून, देवळातल्या गर्दीत प्रसाद फेकावा तशा फेकत होत्या. बोरं छकुलीच्या आजूबाजूला पडत होती. पोरं झडप घालून पुढं आली, ढकलाढकली करत, एकमेकांच्या अंगावर पडत, आणि मूठ मूठ भरून उचलू लागली.

बघता बघता अंगण साफ झालं. गोळी उरली नाही, चुरमुरा उरला नाही.

फक्त पाटाभोवती, गोल, बोरं तशीच होती. लाल, पिवळी, गोळ्यांची चकचकीत कागदं. मोठमोठी. त्यातल्या एकालाही कुणी हात लावला नव्हता. पोरं हातात चार सुरकुतलेली बोरं घेऊन भांडत होती आणि समोरचा ढीग त्यांना दिसत नव्हता. त्या गोलाच्या कडेवरून ती पळत होती. वळसा घालून.

जोतीराम उठून उभा राहिला. त्यानं छकुलीच्या कपाळाकडं पाहिलं. इतक्या बायांनी कुंकू लावलं होतं.

कपाळ कोरडं होतं.

"वृषाली," तो कसाबसा म्हणाला, "पोरीला कुक्कू लाव."

"लावलं की, आबा," वृषाली हसून म्हणाली. ती लेकीपासून चार हातांवर उभी होती. तिच्या बोटाचं कुंकू तसंच ओलं होतं.

७

छकुलीनं आजोबाला उठलेलं पाहिलं. सण तिचा होता, आणि सगळा वेळ ती एकटी पाटावर बसली होती.

"आबा, मला कुनीच उचलून घेत न्हाय," ती म्हणाली. "आई बी न्हाय. आजी बी न्हाय."

आणि ती पळत आली. दोन्ही हात पसरून, मुकुट सांडत, सरळ आजोबाकडं. जोतीराम ओसरीवरून उतरला, त्यानंही हात पसरले. त्याला तिला उचलायचं होतं. देवाशप्पथ सांगतो, जगात दुसरं काही त्याला नको होतं. ती हातभर अंतरावर आली आणि त्याचा उजवा पाय बाजूला पडला. मग डावा. छकुलीचे हात हवेतच मिटले आणि ती ओसरीच्या पायरीशी आपटली.

कुणी धावलं नाही. आई गप्पा मारत होती, आजी डबे भरत होती.

जोतीराम स्वतःच्या पायांकडं बघत राहिला. त्याला ते कापून टाकावेसे वाटले. धोंडाबाईचं बोलणं त्याच्या कानात शब्दाला शब्द उभं राहिलं, आणि तिच्या हाताचा तो बांधलेला शेंडा. हातात हात धरून चालायला यांना आपणच सांगितलं. उडी मारली तेव्हा टाळ्या आपणच वाजवल्या. जमिनीत होतं ते जमिनीत राहू दिलं असतं, तर लोक जन्मभर वळसा घालून सुखानं चालले असते.

पोर पायरीशी बसून मुसमुसत होती. तिच्याजवळ आता कोणीही जाणार नव्हतं. आज नाही, उद्या नाही. आजारी पडली तरी नाही. आणि कधीतरी, कुणाच्या तरी मायेनं राहवलं नाही की तो खाली बसून तिला धरणार, आणि मग सोडणार.

"दिगू!" जोतीराम ओरडला. हा आवाज दिग्विजयनं कधी ऐकला नव्हता. "समद्यास्नी भायेर काढ. रस्त्याच्या पल्याड ने. आत्ता!"

"आबा, पाव्हनी—"

"काढ म्हनतोय ना!"

बाया घाबरून उठल्या. पोरं रडायला लागली. मेजरचं डोकं फिरलं, कुणीतरी म्हणालं. जयवंता हात धरायला आली, तिला त्यानं ढकललं, आयुष्यात पहिल्यांदा. वृषालीनं "छकुली, चल," म्हणून लांबूनच हाक मारली, आणि पोर मागं येते आहे की नाही हे न बघताच ती निघाली.

अंगण रिकामं झालं. रस्त्यापलीकडं सगळे गोळा होऊन बघत उभे राहिले.

जोतीराम गुडघ्यावर बसला. डावा पंजा जमिनीवर टेकवला. छकुलीनं डोळे पुसले आणि त्याला बघून खुदकन हसली. "घोडा घोडा?"

"व्हय. घोडा घोडा. तू हलू नगंस. घोडा येतोय."

गुडघे सरळ गेले. एक हात, मग एक गुडघा. तो तिच्याजवळ पोचला. कितीतरी दिवसांनी तिच्या केसांचा वास आला, आणि तिनं त्याच्या गळ्यात घट्ट हात टाकले. त्यानं उजवा हात तिच्या पाठीवर ठेवला आणि तिला जवळ ओढलं.

फ्रॉकखाली, दोन्ही खांद्यांच्या मध्ये, त्याच्या तळव्याला काहीतरी लागलं. गोल. गुळगुळीत. गार. त्याच्या हाताच्या भारानं ते जरासं आत गेलं. टक.

तो हलला नाही. रस्त्यापलीकडून जयवंता काहीतरी ओरडत होती. भवानीनगरचा भोंगा झाला. ऊन ओसरीवरून खाली उतरलं, पाटाभोवतीच्या बोरांवरून सरकत गोठ्याकडं गेलं. त्याच्या गुडघ्यांत कळा यायला लागल्या, खांदा भरून आला. हाताला मुंग्या येत होत्या. बोटं अजून आहेत की नाहीत हे त्याला आता नीट कळत नव्हतं, म्हणून तो तळवा आणखी घट्ट दाबून धरत होता.

"आबा," छकुली त्याच्या मानेशी कंटाळून पुटपुटली, "सोडा की आता. मला बोरं येचायचीत."